सीडीवर आहे, पडद्यावर नाही: कापलेल्या गाण्याचा माग कसा काढायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'मीट मी इन सेंट लुईस' (१९४४) या हॉलीवूडच्या चित्रपटाच्या गाण्यांच्या सीडीवर नायिका ज्युडी गार्लंडचं 'बॉइज अँड गर्ल्स लाइक यू अँड मी' हे गाणं आहे, पण तुमच्याकडच्या डीव्हीडीत ते कुठेच नाही. मग डीव्हीडी अपुरी आहे का? त्या गाण्याचं दृश्य कुठे मिळेल? आणि अशा कापलेल्या गाण्यांवर फिल्म सोसायटीत दीड तासाचा कार्यक्रम करता येईल का?

आधी सरळ उत्तरं देतो. डीव्हीडी पूर्ण आहे. चित्रपट ११३ मिनिटांचाच प्रदर्शित झाला, आणि तोही या गाण्याशिवाय. गाणं चित्रित झालं होतं, पण ते दृश्य आज उरलेलं नाही. आवाज आणि काही स्थिरचित्रं उरली आहेत. कार्यक्रम मात्र छान होऊ शकतो, फक्त गाणी निवडण्याआधी थोडी छाननी करावी लागेल.

कारण 'कापलेलं गाणं' या एका नावाखाली लोक बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी खपवतात. लिहून झालं पण मुद्रित झालं नाही तेही कापलेलं, मुद्रित झालं पण चित्रित झालं नाही तेही, चित्रित होऊन प्रदर्शनाआधी गेलं तेही, आणि लोकांनी थिएटरात पाहिल्यावर काढलं तेही. गाणं कुठपर्यंत पोचलं होतं हे एकदा ठरलं की त्याचं काय शिल्लक असेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. ते न ठरवता शोधायला बसलात, तर कधी चित्रितच न झालेल्या दृश्याच्या मागे महिने जातील.

हा अंदाज कशाच्या जोरावर बांधायचा, तर त्या काळच्या कामाच्या पद्धतीवर. एमजीएमसारख्या स्टुडिओत गाणं चित्रीकरणाच्या आधी मुद्रित व्हायचं. हिंदी-मराठी चित्रपटांमुळे ही पद्धत आपल्याला सवयीची आहे. फरक एवढाच की तिकडे बहुतेकदा पडद्यावरचा कलाकारच गायचा, आणि जिथे दुसऱ्याचा आवाज घेतला जाई तिथे त्याचं नाव श्रेयनामावलीत सहसा येत नसे. वाद्यवृंदाचे वेगवेगळे भाग आणि गायक यांच्यासाठी वेगवेगळे मायक्रोफोन, आणि एमजीएममध्ये या मायक्रोफोनांचे आवाज वेगवेगळ्या फिल्मपट्ट्यांवर घेतले जात. त्या एकत्र करून एक मिश्रण व्हायचं, ते सेटवर वाजवायचं आणि कलाकारांनी त्यावर ओठ हलवायचे, नाचायचं. म्हणजे कॅमेरा सुरू होण्याआधीच गाण्याचा आवाज तयार होऊन संगीत विभागाच्या ताब्यात गेलेला असे. पुढे संकलकाने दृश्य कापलं तरी या पट्ट्यांना हात लागत नसे. १९९० च्या दशकात निघालेल्या सीडींवर १९४० च्या दशकातली गाणी स्टिरिओत ऐकू येतात ती याच सुट्या पट्ट्यांमुळे.

चित्राचं नशीब वेगळं. टेक्निकलर या रंगीत चित्रीकरण पद्धतीच्या त्या काळच्या कॅमेऱ्यात एकाच वेळी तीन निगेटिव्ह चालत. ३५ मिलिमीटर फिल्म मिनिटाला ९० फूट जाते. चार मिनिटांच्या गाण्याचा एक सलग टेक म्हणजे ३६० फूट, आणि तीन पट्ट्या धरून १०८० फूट. त्यात टेक अनेक, कोन अनेक. फिल्म नायट्रेटची, म्हणजे भडकन पेटणारी, ठेवायला खर्चिक, आणि तिच्यातली चांदी काढून विकता येणारी. प्रदर्शनानंतर काही काळाने हे उरलेले तुकडे नष्ट करणं हा कारभाराचा भाग होता. 'स्टुडिओने मुद्दाम जाळून टाकलं' अशा कथा तुम्हाला वाचायला मिळतील. बहुतेक वेळा खरं कारण गोदामाची जागा हेच असतं.

कागदांचं आणखी वाईट झालं. १९६९ मध्ये एमजीएमची मालकी बदलली, आणि त्यानंतर संगीत विभागातली वाद्यवृंदाची स्वरलेखनं मोठ्या प्रमाणावर भरावात टाकली गेली. ब्रिटिश संगीत संचालक जॉन विल्सन यांना या चित्रपटांचं संगीत मैफलीत वाजवण्यासाठी संक्षिप्त स्वरलेखनं आणि मूळ ध्वनिमुद्रणं कानाने ऐकून एकेका वाद्याचा भाग पुन्हा लिहून काढावा लागला.

तेव्हा माझा ढोबळ नियम असा: चित्रीकरणापर्यंत पोचलेल्या गाण्याचा आवाज मिळण्याची शक्यता चांगली, चित्र मिळण्याची कमी, वाद्यवृंदाचे कागद मिळण्याची त्याहून कमी. याला अपवाद आहेत, आणि तुमचा कार्यक्रम त्या अपवादांवरच उभा राहणार आहे.

आता तुमच्या गाण्याकडे येऊ, कारण त्याच्या एकट्याच्या प्रवासात जवळजवळ सगळे टप्पे दिसतात. ते मुळात 'मीट मी इन सेंट लुईस'चं नव्हेच. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन या संगीतकार-गीतकार जोडीने ते 'ओक्लाहोमा!' या नाटकासाठी लिहिलं. १९४३ मध्ये नाटक न्यूयॉर्कला येण्याआधी बाहेरगावी त्याचे चाचणी प्रयोग चालू होते, तेव्हाच ते गळलं. एमजीएमने ते पुढच्या वर्षीच्या चित्रपटासाठी घेतलं. त्या चित्रपटातली मुख्य नवी गाणी ह्यू मार्टिन आणि राल्फ ब्लेन यांची. हे मात्र बाहेरून आणलेलं. जागा होती 'द ट्रॉली साँग'नंतरची: नायक-नायिका जागतिक प्रदर्शनाच्या अर्धवट बांधकामावर फिरायला जातात आणि ती त्याला हे गाणं म्हणते. आता डीव्हीडीवर 'द ट्रॉली साँग' पाहा आणि लगेच सीडीवरचं हे गाणं ऐका. संकलकाची अडचण तुमच्या लक्षात येईल. ट्रॉलीतल्या त्या उसळीनंतर एक संथ प्रेमगीत, आणि त्याने कथा तसूभरही पुढे सरकत नाही. गाणं वाईट नाही, जागा वाईट होती.

१९४९ मध्ये 'टेक मी आउट टू द बॉल गेम'साठी एमजीएमने तेच गाणं पुन्हा काढलं, या वेळी फ्रँक सिनात्राच्या आवाजात. चित्रित झालं, आणि पुन्हा कापलं गेलं. पण या खेपेला फिल्म वाचली. म्हणजे तुम्हाला हे गाणं पडद्यावर दाखवायचं असेल तर मार्ग आहे: आवाज गार्लंडचा, सोबत स्थिरचित्रं, आणि त्याला जोडून सिनात्राचं खरं दृश्य. पुढे १९९६ मध्ये 'स्टेट फेअर' ब्रॉडवेवर आलं त्यात या गाण्याला अखेर जागा मिळाली.

बाकीचे नमुने टप्प्यांप्रमाणे सांगतो. सगळ्यांना सारखा वेळ देत नाही, कारण सगळे सारखे उपयोगाचे नाहीत.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे रंगभूमीवरून आलेल्या चित्रपटांत न घेतलेली गाणी. 'संगीत सौभद्र'ची शंभरावर पदं आज कुठल्याच प्रयोगात पूर्ण गायली जात नाहीत, पण म्हणून ती कुणी त्या प्रयोगातून 'कापली' असं आपण म्हणत नाही, तसंच हे. 'द साउंड ऑफ म्युझिक'च्या (१९६५) चित्रपटात नाटकातली तीन गाणी नाहीत आणि दोन नवी आहेत. न घेतलेल्या तिघांपैकी 'हाउ कॅन लव्ह सर्व्हाइव्ह'ची चाल मेजवानीच्या दृश्यात वॉल्ट्झ म्हणून वाजते, इतकाच तिचा मागमूस. 'ऑन द टाउन'मध्ये (१९४९) तर लेनर्ड बर्नस्टाइन यांचं बरंचसं संगीत बाजूला ठेवून रॉजर ईडन्स यांची नवी गाणी घातली. अशा गाण्यांचं चित्रपटातलं दृश्य शोधू नका. ते कधी नव्हतंच.

त्याच्या शेजारचा प्रकार म्हणजे एका चित्रपटासाठी लिहिलं आणि दुसऱ्यात गेलं. गीतकार-संगीतकार अर्व्हिंग बर्लिन यांनी 'गेट दी बिहाइंड मी सेटन' हे 'टॉप हॅट'साठी (१९३५) लिहिलं आणि ते दिसलं 'फॉलो द फ्लीट'मध्ये (१९३६). कार्यक्रमात याला अर्धं मिनिट पुरे.

मग येतात मुद्रित होऊन आल्बमवर आलेली पण चित्रपटात नसलेली गाणी. 'द किंग अँड आय'च्या (१९५६) आल्बमवर 'माय लॉर्ड अँड मास्टर' आणि 'शॅल आय टेल यू व्हॉट आय थिंक ऑफ यू?' आहेत, चित्रपटात नाहीत. 'कॅरोसेल'च्या (१९५६) 'ब्लो हाय, ब्लो लो'चंही तेच. आल्बम छापायची वेळ आणि अंतिम संकलनाची वेळ यांत फरक असे, शिवाय लोकप्रिय नाटकाचं गाणं आल्बमवर असलं तर रेकॉर्ड कंपनीला हवंच असे. म्हणून आल्बमवर गाणं आहे एवढ्यावरून ते चित्रित झालं असा निष्कर्ष काढायचा नाही. याला दुसरा पुरावा लागतो. तो कुठे मिळतो ते पुढे सांगतो.

खरा ऐवज चित्रित होऊन प्रदर्शनाआधी गेलेल्या गाण्यांत आहे. सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण 'द विझार्ड ऑफ ऑझ'मधलं (१९३९) 'द जिटरबग'. संगीत हॅरल्ड आर्लेन, शब्द ई. वाय. हारबर्ग. भुताळी जंगलात एक किडा डोरोथी आणि मंडळींना चावतो आणि सगळे वेड्यासारखे नाचू लागतात, अशी कल्पना. पूर्वप्रदर्शनानंतर ते गेलं. त्याच्या चित्रीकरणाला पाच आठवडे आणि सुमारे ८०,००० डॉलर लागल्याचं सगळीकडे लिहिलेलं असतं. चित्र उरलं नाही. आवाज आहे, आणि आर्लेन यांनी स्वतःच्या घरगुती कॅमेऱ्याने सेटवर घेतलेली थोडी फिल्म आहे. तुम्हाला यूट्यूबवर जे दिसतं ते या दोन गोष्टींची जुळणी आहे, मूळ दृश्य नव्हे. हे प्रेक्षकांना आधी सांगा, नाहीतर कुणीतरी नक्की विचारेल की इतक्या मोठ्या चित्रपटाचं छायाचित्रण असं हलतं का.

पण या गाण्याची खरी गंमत चित्रपटातच शिल्लक आहे. चेटकीण आपल्या उडत्या माकडांना जंगलात पाठवताना सांगते की त्यांची रग जिरवायला मी आधीच एक छोटासा किडा धाडला आहे. किडा मात्र येतच नाही. गाणं कापलं, तो संवाद तसाच राहिला. अशा शिवणी शोधायला शिका. कार्यक्रमात लोकांना त्याच सर्वांत आवडतात. त्याच चित्रपटातून रे बोल्जरच्या बुजगावण्याचा लांबलचक नाचही गेला होता. त्याची फिल्म मात्र सापडली आणि १९८५ च्या 'दॅट्स डान्सिंग!' या संकलनपटात दाखवली गेली. आणि 'ओव्हर द रेनबो' काढायचंही चाललं होतं. मूळ गाणं वाचलं आणि त्याला ऑस्कर मिळालं, पण चेटकिणीच्या किल्ल्यात डोरोथी रडत रडत तेच पुन्हा गाते तो भाग गेला. त्याचा आवाज उपलब्ध आहे, जरूर ऐकवा.

कार्यक्रमात एकच गाणं पूर्ण दाखवायचं असेल तर मी 'मिस्टर मोनोटनी' निवडेन. अर्व्हिंग बर्लिन यांचं, 'ईस्टर परेड'साठी (१९४८). गार्लंड काळा टक्सिडो कोट, टोपी आणि मोजे अशा वेशात. चित्रपटाची कथा १९१२ मधली आणि हा वेश, ही चाल चाळिशीच्या दशकातल्या नाइटक्लबची, त्यामुळे ते तिथे खटकणारच होतं. गाणं गेलं, पण तसाच वेश दोन वर्षांनी 'समर स्टॉक'मध्ये (१९५०) 'गेट हॅपी'साठी वापरला आणि तो गार्लंडची ओळख बनला. बर्लिन यांनीही हार मानली नाही: 'मिस लिबर्टी' (१९४९) आणि 'कॉल मी मॅडम' (१९५०) या दोन नाटकांत त्यांनी ते घालून पाहिलं आणि दोन्हींतून ते पुन्हा निघालं. रंगमंचावर ते टिकलं ते थेट १९८९ मध्ये, 'जेरोम रॉबिन्स ब्रॉडवे'त. याचे दैनंदिन चित्रीकरणाचे टेक उरले, त्यामुळे ते जुळवून १९९४ च्या 'दॅट्स एंटरटेनमेंट! थ्री'मध्ये घेता आलं.

हा 'थ्री' तुमचा मुख्य स्रोत. एमजीएमच्या जुन्या चित्रपटांतले तुकडे जोडून केलेल्या मालिकेतला हा तिसरा भाग, आणि त्यात आधी न दाखवलेल्या गोष्टी मुद्दाम गोळा केल्या आहेत. 'द हार्वे गर्ल्स'चं (१९४६) 'मार्च ऑफ द डोगीज', 'सिंगिंग इन द रेन'मध्ये (१९५२) डेबी रेनॉल्ड्स जीन केलीच्या जाहिरातफलकासमोर 'यू आर माय लकी स्टार' गाते तो भाग, 'अ‍ॅनी गेट युअर गन'मधून (१९५०) गार्लंडला काढण्याआधी तिच्यावर चित्रित झालेलं काम. त्यातला सर्वांत बोलका तुकडा 'टू-फेस्ड वुमन'चा. हे गाणं 'द बँड वॅगन'साठी (१९५३) सिड चरीसवर चित्रित झालं, आवाज इंडिया अ‍ॅडम्स यांचा. ते कापलं, आणि एमजीएमने तीच ध्वनिपट्टी त्याच वर्षीच्या 'टॉर्च साँग'मध्ये जोन क्रॉफर्डच्या तोंडी घातली. तिथे क्रॉफर्डला काळवंडलेला मेकअप दिला आहे, जो आज पाहवत नाही. संकलकांनी दोन्ही दृश्यं पडदा दुभागून एकाच वेळी चालवली आहेत. आवाज आणि चित्र वेगवेगळ्या मार्गांनी जातात म्हणजे काय, हे त्या तीन मिनिटांत माझ्या वरच्या परिच्छेदांपेक्षा चांगलं कळतं.

कापण्याची कारणं पुष्कळदा साधी असतात: लांबी, गती, एकाच धाटणीची दोन गाणी. पण काही गाण्यांमागे समाजही उभा असतो. 'केबिन इन द स्काय'मध्ये (१९४३) लीना हॉर्न फेसाच्या टबात बसून 'एंट इट द ट्रूथ' गाते. कृष्णवर्णीय स्त्री अशा दृश्यात दाखवणं आक्षेपार्ह ठरलं आणि ते गेलं. एमजीएमच्या इतर चित्रपटांत हॉर्नला बहुतेकदा कथेशी संबंध नसलेल्या सुट्या गाण्यात उभं केलं जाई, म्हणजे दक्षिणेकडच्या राज्यांतल्या वितरकांना ते प्रतीतून अलगद काढता यावं. हा कापण्याचा अगदी वेगळा प्रकार: निगेटिव्हमध्ये गाणं शाबूत, गावोगावच्या प्रतींत नाही. अशा गाण्याला 'हरवलेलं' म्हणू नका. राजकारणाचं उदाहरण हवं असेल तर '१७७६' (१९७२) घ्या. 'कूल, कूल, कन्सिडरेट मेन' हे पुराणमतवाद्यांची टिंगल करणारं गाणं अध्यक्ष निक्सन यांच्या सांगण्यावरून निर्माते जॅक वॉर्नर यांनी काढून टाकलं. फिल्म मात्र वाचली आणि पुढे घरगुती आवृत्त्यांत ते परत आलं.

उरला शेवटचा टप्पा: प्रदर्शनानंतरची कात्री. 'अ स्टार इज बॉर्न' (१९५४) सप्टेंबरच्या अखेरीस १८१ मिनिटांचा लागला. थिएटरवाल्यांची तक्रार अशी की दिवसात एक खेळ कमी बसतो. वॉर्नर ब्रदर्सने तो १५४ मिनिटांवर आणला. २७ मिनिटं म्हणजे २४०० फुटांहून जास्त फिल्म, आणि ती प्रत्येक प्रतीतून. दिग्दर्शक जॉर्ज क्युकर त्या वेळी पुढच्या चित्रपटाच्या जागा पाहायला भारतीय उपखंडात होते. 'हिअर्स व्हॉट आय अ‍ॅम हिअर फॉर' आणि 'लूज दॅट लाँग फेस' ही आर्लेन आणि आयरा गर्श्विन यांची दोन गाणी त्यात गेली. १९८३ मध्ये रोनाल्ड हेव्हर यांनी तो पुन्हा उभा केला तेव्हा पूर्ण लांबीची ध्वनिपट्टी मिळाली, दोन्ही गाण्यांची दृश्यं मिळाली, आणि जिथे चित्र मिळालं नाही तिथे त्यांनी स्थिरचित्रांवर मूळ संवाद चालवले. ही १७६ मिनिटांची आवृत्ती. पहिल्यांदा पाहताना तो स्थिरचित्रांचा भाग सुरू झाला की प्रक्षेपक बिघडला असं वाटतं, म्हणून हा उतारा दाखवताना आधीच सूचना द्या. याच वाटेवरचं डिस्नेचं 'बेडनॉब्स अँड ब्रूमस्टिक्स' (१९७१): ११७ मिनिटांवर आणलेला चित्रपट १९९६ मध्ये १३९ मिनिटांचा केला. पण 'अ स्टेप इन द राइट डायरेक्शन'चं चित्र मिळालंच नाही, आणि जिथे संवादाचा आवाज नव्हता तिथे काही पात्रांना नवे आवाज द्यावे लागले. ते ओळखू येतात.

रेकॉर्डबद्दल एक इशारा, कारण निम्मा गोंधळ तिथूनच येतो. १९४७ मध्ये एमजीएमने स्वतःचं लेबल काढून 'टिल द क्लाउड्स रोल बाय'चा आल्बम थेट चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवरून छापला. त्याआधीच्या काळात चित्रपटाचं नाव असलेली रेकॉर्ड म्हणजे बहुतेकदा त्याच गायकाने दुसऱ्या कंपनीसाठी स्वतंत्र स्टुडिओत, वेगळ्या वाद्यवृंदासह पुन्हा गायलेलं गाणं. १९३९ मध्ये डेक्काने गार्लंडची 'ओव्हर द रेनबो'ची रेकॉर्ड काढली, तिच्या दुसऱ्या बाजूला 'द जिटरबग' होतं! चित्रपटात नसलेलं गाणं लोक घरात ऐकत होते. मुंबईचं मेट्रो थिएटर एमजीएमनेच १९३८ मध्ये उभं केलं, त्यामुळे हे चित्रपट आपल्याकडेही मोठ्या पडद्यावर पोचले. एखाद्या जुन्या शौकिनाने 'मी ते गाणं पाहिलंय' असं छातीठोक सांगितलं, तर आधी घरात रेकॉर्ड होती का ते विचारा. शिवाय दहा इंची ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच बसतात. म्हणून रेकॉर्डवरचं गाणं छोटं आहे यावरून चित्रपटातलंही तेवढंच होतं असं समजू नका, आणि ती रेकॉर्ड चित्रावर चढवून दाखवू नका. ओठ जुळणार नाहीत.

आता स्वतः तपासायचं कसं. आधी तुमच्या प्रतीची लांबी मोजा. भारतात आणि युरोपात पाल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडी असत, त्यांत सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी चालतात. चित्रपट सुमारे चार टक्के वेगाने पळतो: ११३ मिनिटांचा चित्रपट एकही फूट कापल्याशिवायच १०८-१०९ मिनिटांत संपतो, आणि आवाजही अर्ध्या सुराहून थोडा कमी चढतो. 'माझ्या प्रतीत चार मिनिटं कमी आहेत, म्हणजे गाणं कापलंय' या तक्रारींमागे पुष्कळदा एवढंच असतं. नोंदलेल्या लांबीला ०.९६ ने गुणा. उत्तर जुळलं तर प्रत पूर्ण आहे. गाणी शोधायला लागण्याआधी टीव्हीवरून मुद्रित केलेल्या प्रती आणि सुरुवातीचा वाद्यसंगीताचा भाग काढलेल्या प्रतीही बाजूला करा.

मग चित्रपट पाहताना कान उघडे ठेवा. सुरुवातीच्या संगीतात अशी चाल वाजते का जी पुढे कुणी गातच नाही? एखादं दृश्य गाणं सुरू होईल अशा सुरावर येऊन अचानक विरतं का? पात्राचा वेश मधेच कारण नसताना बदलतो का? जाहिरातीच्या छायाचित्रात असा सेट आहे का जो चित्रपटात नाही? यांतली कुठलीही एक खूण एकटी पुरेशी नाही. दोन-तीन जुळल्या तर पुढे जा.

पुढे म्हणजे कागद. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटची चित्रपटसूची ऑनलाइन आहे, तिच्या टिपांत वगळलेल्या गाण्यांची नोंद असते. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाच्या जुन्या वार्षिक सूच्या इंटरनेट अर्काइव्हवर वाचता येतात. त्यात गाणं प्रकाशित म्हणून नोंदलंय की अप्रकाशित, ते कळतं. चित्रपटाच्या नावासह गाण्याचं स्वरपत्रक छापलं गेलं असेल, तर ते छपाईच्या वेळेपर्यंत चित्रपटात धरलेलं होतं असं समजायला हरकत नाही. लॉस एंजेलिसजवळच्या मार्गारेट हेरिक ग्रंथालयात प्रॉडक्शन कोडच्या, म्हणजे हॉलीवूडच्या स्वतःच्या सेन्सॉर नियमावलीच्या, फायली आहेत, ज्यात सेन्सॉरकडे पाठवलेले गीतांचे शब्द आणि त्यांवरचे आक्षेप सापडतात. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात वॉर्नर ब्रदर्सचे आणि एमजीएमचे निर्माते आर्थर फ्रीड यांचे कागद आहेत. चित्रीकरणाचा निर्णायक पुरावा म्हणजे रोजचा निर्मिती अहवाल: कोणत्या तारखेला, कोणत्या सेटवर, कोणत्या गाण्याचे किती टेक. तो पुण्यात बसून मिळणार नाही, पण आल्बमसोबतच्या चांगल्या पुस्तिकांत संपादकांनी ध्वनिमुद्रणाच्या तारखा त्यातूनच घेतलेल्या असतात. म्हणून सीडी विकत घेताना पुस्तिका असलेली घ्या. 'ऑझ'ची १९९५ ची दोन सीडींची आवृत्ती या बाबतीत आदर्श आहे.

कार्यक्रमाचं गणित असं मांडा. दीड तासात आठ गाणी, जास्त नकोत. गाण्याला सरासरी चार मिनिटं, त्याआधी चित्रपटातला नेमका अलीकडचा प्रसंग दोन मिनिटं, आणि तुमचं बोलणं तीन. आठ गुणिले नऊ म्हणजे ७२. सुरुवातीला पाच, उरलेली तेरा प्रश्नांना. अलीकडचा प्रसंग गाळू नका. कापलेलं गाणं सुटं दाखवलं की ते नेहमी 'अरे, इतकं सुंदर का काढलं?' असंच वाटतं. जागेवर ठेवून दाखवलं की निम्म्या वेळा संकलकाचं म्हणणं पटतं.

परवानगीचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारायला हवं होतं. भारतात चित्रपटावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, त्यामुळे १९४०-५० च्या दशकांतले चित्रपट मोकळे झाले असं लोक धरून चालतात. पण गीत-संगीताचा हक्क वेगळा, तो रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, आणि आर्लेन १९८६ मध्ये तर बर्लिन १९८९ मध्ये वारले. कापलेली दृश्यं तर कित्येकदा १९९० नंतरच पहिल्यांदा लोकांसमोर आली. तुमचा कार्यक्रम सदस्यांपुरता आहे की तिकीट लावून, यावरही बरंच अवलंबून राहील. एमजीएमचा १९८६ पूर्वीचा संग्रह टर्नरमार्गे आता वॉर्नरकडे आहे, आणि फॉक्सने काढलेले रॉजर्स-हॅमरस्टाइन चित्रपट डिस्नेकडे. आठही गाणी शक्यतो वॉर्नरच्या संग्रहातून निवडलीत, तर चित्रपटाच्या बाजूने एकाच दारात अर्ज करावा लागेल. गीत-संगीताचं मात्र वेगळं विचारून घ्या.